आळसांद्यांची राखण

माझ्या सासऱ्यांनी उभा जन्म परळच्या गिरणीत कापड विणलं आणि उभा जन्म त्यांच्या मनात शेती होती. छातीने दगा दिला तेव्हा त्यांना साचे, म्हणजे गिरणीतले माग, सोडावे लागले. गिरणी सुटली की आमच्या लालबागच्या चाळीतली म्हातारी माणसं आपापल्या कोकणातल्या गावी निघून जायची. हे गेले अँटॉप हिलला. आज तिथे सरकारी वसाहतींच्या इमारती आहेत, त्यामुळे सांगून कुणाला खरं वाटत नाही, पण तेव्हा टेकडीच्या पायथ्याला भाताची खाचरं होती आणि पलीकडे मिठागरं. त्यातलं एक खाचर मामंजींनी अर्धेलीने कसायला घेतलं. भात निघालं की त्याच ओलीवर ते आळसांदे पेरायचे. आळसांदे म्हणजे चवळीच, पण आमच्या मालवणकडची, टपोरी आणि उसळीला गोड.

ते गावी का गेले नाहीत, हे लग्न होऊन आल्यावर मला पहिल्याच आठवड्यात कळलं, कारण ते ही गोष्ट ऐकेल त्याला सांगत. गावी त्यांचा थोरला भाऊ होता. घरची जमीन तोच कसायचा. एका शिमग्याला मामंजी गावी गेले आणि भावाला म्हणाले, मुंबईत खाचर घेतलंय, आळसांद्याचं बियाणं दे. आमच्याकडे बियाण्याचे आळसांदे राखेत मिसळून मडक्यात ठेवतात, म्हणजे कीड लागत नाही. खायचे आळसांदे डब्यात असतात. त्या राखेच्या मडक्यात घरचा कर्ता पुरुषच हात घालतो, आणि त्यात जायचा मान चांगल्यातल्या चांगल्या दाण्याला. भावाने मडक्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डब्यात हात घातला, दोन ओंजळी काढल्या आणि म्हणाला, "गिरणीवाल्याक बियाणा कित्याक? उसळ करून खा."

मामंजींनी ते दाणे धोतराच्या सोग्यात बांधून आणले. अर्धे किडके होते. उरलेले पेरले. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच होतं: पायलीभर आळसांदे, आपल्या हातचे, मुंबईच्या मातीतले, भावाच्या पुढ्यात ओतायचे.

आणि तेव्हापासूनच पारवे त्यांच्या राशीला लागले होते.

गिरण्यांच्या पत्र्यांवर, दादरच्या कबुतरखान्यावर, स्टेशनांच्या छपराखाली राहणारे हे पारवे. लोक त्यांना पुण्य म्हणून दाणे टाकायचे आणि ते वर आमच्याकडे तोंड बदलायला यायचे. पेरलं की दाणे उकरायचे, उगवलं की कोंब खुडायचे, शेंग वाळली की फोडून दाणा काढायचे. सोबतीला होले असायचे, पण होला बापडा जोडीने येतो, दोन घास खातो आणि जातो. पारवा वरात घेऊन येतो. दर वर्षी मामंजींच्या हाती जेमतेम पुढच्या पेरणीपुरते दाणे लागायचे.

मग त्यांनी जमीनमालकाच्या ओळखीने पीकसंरक्षणाचा परवाना काढला आणि एक ठासणीची बंदूक मिळवली. लांब नळीची, दस्त्याला तार गुंडाळलेली. नळीत दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, तो गजाने ठासायचा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि शेवटी घोड्याखाली ठिणगी पाडणारी टोपी बसवायची. एवढं होईपर्यंत पारवे जेवून, ढेकर देऊन मोकळे. बार मोठा व्हायचा, धूर मोठा व्हायचा, पारवे उठून एक चक्कर मारून तिथेच बसायचे. चाळीत कुणीतरी पसरवलं की म्हाताऱ्याच्या बंदुकीचा आवाज ऐकायला पारवे मुद्दाम दादरहून येतात. माझे यजमानही त्या चेष्टेत हसायचे. मला राग यायचा. ज्याची चेष्टा चाललीय त्याच्या घरचं खाऊन वर हसायचं, हे मला कधी पटलं नाही.

त्या वर्षी खाचरात सरकारी माणसं आली. त्यांनी साखळ्या लावून मोजणी केली आणि कोपऱ्यात खुणेचे दगड पुरले. मालकाने सांगून टाकलं, हे पीक काढून घ्या, पुढे जमीन सरकारात जातेय. मामंजींनी ते ऐकलं आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत. आता जे काय व्हायचं ते ह्याच पेरणीत होणार होतं.

मी तेव्हा गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होते. सकाळची पाळी सुटली की ट्रामने किंग्ज सर्कलपर्यंत जायचं, पुढे पायी खाचरावर. मामंजींचा डबा घेऊन जायची आणि अंधार पडायच्या आत दोघं परत यायचो. एक दिवस मी बांधावर पोचले तर ते बंदूक रोखून उभे होते. समोर शेताच्या मधोमध पारवे मजेत चरत होते आणि ह्यांची नळी ताडाच्या झाडाकडे.

"मामानू, पारवे थंय नाय, हंय आसत," मी म्हटलं.

त्यांनी बंदूक खाली घेतली. मग म्हणाले, "आवाजावर मारतंय गो मी. दिसता खंय माका?"

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि ते इतके दिवस कुणाला बोलले नव्हते. मला रडू आलं, पण रडणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून मी भांडले. सांगायला काय झालं होतं, आम्ही मेलो होतो का, असं बरंच काही. ते ऐकून घेत राहिले आणि शेवटी बंदूक माझ्या हातात दिली. "बघ. तुका जमता काय."

परवाना त्यांच्या नावाचा होता आणि चापावरचं बोट माझं. कायद्याने ते बरोबर होतं असं मी म्हणत नाही.

पहिल्या बाराला दस्ता खांद्यावर असा बसला की मी चिखलात बसले. पारव्याला काही झालं नाही. दुसरा, तिसरा, सगळे वाया. पारवा जिथे दिसतोय तिथे मी नेम धरत होते आणि छर्रे पोचेपर्यंत तो पुढे गेलेला असायचा. मामंजी बांधावर बसून नुसता आवाज ऐकत होते. ते म्हणाले, "साच्यावर धोटो बघलंस मा? दिसता थंय तो कदी नसता. दुसऱ्या टोकाक हात ठेवूचो, मगे तो हातात येता."

सूत घेऊन मागावर इकडून तिकडे पळणारा धोटा; विणकराच्या सुनेला ह्याहून सोपं करून कुणी सांगितलं नसतं. मी पारव्याकडे बघणं सोडलं आणि तो जिथे जाणार तिथे नळी नेऊन ठेवली. बार झाला, धूर विरला, आणि पारवा गरगरत बांधापलीकडे पडला.

"लागलो?" मामंजींनी विचारलं.

"लागलो!"

मी इतक्या मोठ्याने ओरडले की मिठागरावरची माणसं बघायला लागली. त्या संध्याकाळी चाळीत मालवणी मसाल्यात पारव्याचं सुकं शिजलं आणि वास सगळ्या मजल्यावर फिरला. चेष्टा करणारे वाटी घेऊन आले. मी दिलं, पण आधी प्रत्येकाकडून वदवून घेतलं की बार ऐकायला आता पारवे येणार नाहीत.

मग काही आठवडे सुखाचे गेले. रोज एक-दोन पारवे पडायचे, बाकीचे दबकून असायचे. आळसांद्याला फूल आलं, फुलातून शेंगा लोंबल्या. मामंजी संध्याकाळी ओळीओळीने चालत बोटांनी शेंगा चाचपायचे.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. गिरणगाव पेटलं होतं. रोज कुठेतरी सभा, कुठेतरी मोर्चा, मधेच संचारबंदी. आमच्या मागच्या गल्लीत गोळी लागून एक तरणा मुलगा गेला. त्याची आई आमच्याच खात्यात होती. ती कामावर परत आली त्या दिवशी आम्ही सगळ्याजणी तिच्या भोवती मुकाट काम करत होतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच सगळ्याजणी मोर्चात घोषणा देत होतो. माझ्या मनात पारव्यांना एक जागा होती आणि मुंबईला एक. दोन्हींची कधी टक्कर झाली नाही, निदान तोवर.

एके सकाळी चौकीवरून शिपाई आला. शहरातली परवान्याची हत्यारं जमा करायची होती. मामंजींनी बंदूक जुन्या घोंगडीत गुंडाळली आणि मला सोबत घेऊन चौकीवर नेऊन दिली. पावती त्यांनी घडी घालून खिशात ठेवली. शेंगा भरत आल्या होत्या, अजून काही दिवसांत वाळल्या असत्या. वाटेत ते फक्त एवढंच म्हणाले, "ह्या वर्साक पन गेले."

"जातात कशे? मी बघतंय," मी म्हटलं. काय बघणार होते ते मलाही ठाऊक नव्हतं.

खात्यात माझ्या शेजारी एक मैत्रीण काम करायची. ती वरळीच्या बीडीडी चाळीत राहायची. तिचं माहेर घाटावरचं, लहानपण ज्वारीच्या राखणीत गेलेलं. त्याच सुमारास तिच्या घरचे बाबासाहेबांच्या मागोमाग धम्माकडे वळत होते आणि तिने पंचशील अगदी मनावर घेतलं होतं. मी तिला बंदुकीचं रडगाणं सांगितलं तर ती हसायला लागली.

"अगं, एवढ्यासाठी बंदूक कशाला? गोफण आहे की. आमच्याकडे पोरीबाळी शेतातल्या उंच माळ्यावर उभं राहून सगळं शिवार राखतात."

"पण तू तर जीव मारणार नाहीस."

"मारणार नाहीच. पळवायला कुणाची ना आहे?"

दुपारच्या सुट्टीत तिने खात्यातल्या वाया गेलेल्या सुताचा पेड घालून पहिली गोफण वळली. मधे दगड बसेल अशी विणलेली टोपली, एका टोकाला बोटात अडकवायचा फासा, दुसऱ्या टोकाला मोकळा गोंडा. ते बघून इतर बायकांच्याही बोटांना चाळा लागला. सुताशी आमची बोटं बोलायचीच. दोन दिवसांत खात्यातल्या निम्म्या बायकांच्या कनवटीला गोफण होती, कुणाला ती का हवी ते धड माहीत नव्हतं तरी.

मैत्रिणीने मला शिकवलं. डोक्यावर दोनदा फिरवायची आणि गोंडा सोडायचा. सोडताना असा फटकारा निघाला पाहिजे की फटाका वाजल्यासारखं वाटावं. तिचा दगड कधी पारव्याला लागला नाही, कारण ती मारायचीच नाही. थव्याच्या पुढ्यात हातभर अंतरावरून दगड सणसणत न्यायची आणि थवा कापड फाटावं तसा दोन बाजूंना फाटायचा. माझं मात्र बंदुकीवर मन गेलेलं. मला पाडायचाच असायचा. तिचं आणि माझं ह्यावरून रोज वाजायचं.

आणि मग हरताळ आला.

मुंबई बंद म्हणजे बंद. गिरण्यांचे भोंगे गप्प, ट्राम बंद, दुकानांना फळ्या. यजमान सकाळीच शिवाजी पार्ककडे निघाले आणि मला म्हणाले, चल. मी म्हटलं, आज मी खाचरावर जाणार. ते भडकले. "सगळी मुंबई रस्त्यावर आली आहे आणि तुला पारव्यांचं पडलंय?"

"तुमच्या बापाचं पडलंय," मी म्हटलं. "तुम्हाला पडलं नाही म्हणून."

ते पाय आपटत गेले. मी मामंजींना घेऊन चालत निघाले. वाटेत दादरला कबुतरखान्याजवळून गेलो तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कठड्यात एक दाणा नव्हता. दाणे विकणारे बंद, टाकणारे घरात. बंदरावरच्या गाड्या थांबलेल्या, म्हणजे रस्त्यावर धान्य सांडणंही बंद. हजारो पारवे कठड्यांवर, तारांवर, छपरांवर भुकेले बसले होते. हरताळ माणसांनी केला होता, उपास पारव्यांना घडला होता, आणि सगळ्या मुंबईत उघडं पडलेलं वाळलं धान्य एकाच ठिकाणी होतं. 

"मामानू, बेगीन चला," एवढंच मी म्हटलं.

हरताळाच्या दिवशी राखणीला येईन असा शब्द मैत्रिणीने दिला होता, आणि नशिबाने ती त्याला जागली. तिच्या चाळीतल्या आणि आमच्या खात्यातल्या बायका घेऊन ती वरळीहून चालत आली होती. आम्ही खाचराच्या चारी बांधांवर माणसं वाटली. टेकडीखालच्या खडीतून पदरापदराने दगड आणले आणि बांधावर थोड्या थोड्या अंतराने ढीग घातले. सगळं कसं शिस्तीत. संचारबंदीच्या, जमावबंदीच्या दिवसांत, हरताळाच्या सकाळी, हातात गोफणी घेतलेल्या बायकांनी रस्त्यावरून दिसतील असे दगडांचे ढीग रचले, आणि ते बघणाऱ्याला कसं वाटेल हा विचार आमच्यातल्या एकीच्याही मनात आला नाही. आमच्या डोक्यात फक्त पारवे होते.

ते आले. आधी एक थवा, मग दुसरा, मग मोजणंच सोडून दिलं. फटकारे सुरू झाले. चारी बांधांवरून दगड सणसणत होते, पारवे उठत होते, वळत होते, पुन्हा येत होते. मामंजी मधल्या बांधावर उभे राहून कानाने सगळं ऐकत होते आणि ओरडत होते, "पाठसून इले! मिठागराच्या अंगान इले!" त्यांचं म्हणणं दर वेळी खरं निघायचं.

तेवढ्यात रस्त्यावर पोलिसांची गाडी थांबली.

फौजदार तरुण होता, चेहऱ्यावर झोप नसलेला. त्याच्या मागे एक पोक्त हवालदार आणि लाठीवाले शिपाई. "काय चाललंय हे? जमावबंदी आहे, माहीत नाही?"

"आम्ही पारवे हाकतोय," मी म्हटलं.

"आणि हे दगडांचे ढीग?"

"पारव्यांनाच."

"आज? एवढ्या बायका गोळा करून?" तो रागाने लाल झाला. "मला खुळा समजता? हवालदार, गोफणी काढून घ्या. सगळ्यांना गाडीत घाला."

मी भांडायला तोंड उघडलं, मैत्रिणीने माझा हात दाबला. हवालदाराने एकेकीच्या हातातून गोफण घेतली आणि सगळ्या आपल्या काखेत मारल्या. फटकारे थांबले. टेकडीखाली एकदम शांतता पसरली.

आणि त्या शांततेत सगळेच्या सगळे पारवे खाचरात उतरले.

पाचोळा पडावा तसा नुसता खसखसाट. हिरव्या-पिवळ्या पिकावर राखाडी पाठीच पाठी. मामंजींना दिसत नव्हतं, पण पंख मिटल्याचा आवाज त्यांना बरोबर कळला. पोलिसांना आयुष्यभर वाट देणारा हा माणूस, कुणाला काही न बोलता बांधावरून खाली उतरला आणि धावत सुटला. खोकला उसळत होता, धोतराचा सोगा सुटला होता. ढेकळं उचलून वाट्टेल तिकडे फेकत होता. "मेल्यांनो, माज्या भावाचे ते! माज्या भावाचे!"

"अहो आजोबा, थांबा!" फौजदार त्यांच्या मागे उतरला. बुटाखाली शेंगा चिरडल्या तशी त्याची पावलं थबकली. त्याने वाकून एक शेंग तोडली आणि नखाने उकलली. आत दाणे ओळीत बसले होते, पुरे भरलेले. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग समोर पारव्यांकडे पाहिलं. सगळं शेत चाललं होतं त्यांच्या पोटात. त्याच्या चेहऱ्यावरचा फौजदार कुठे गेला कोण जाणे.

"आरं, बघत काय बसलाय?" तो आमच्याकडे वळून किंचाळला. "पीक खाल्लं की समदं! मारा! मारा की दगड!"

त्या दिवसांत मुंबईत पोलिसांनी लोकांना 'दगड मारा' असा हुकूम सोडला असेल तर तो एवढाच असावा.

हवालदाराची त्रेधा उडाली. काखेतल्या गोफणींचा गुंता झाला होता आणि बायका चहूकडून हात घालत होत्या. शेवटची गोफण त्याच्याच हातात उरली. त्याने ती निरखून बघितली, लाठी बांधावर टाकली, एक दगड घातला आणि डोक्यावरून असा फटकारा काढला की माझे कान बधिर झाले. "लई वर्सं झाली सायेब," तो फौजदाराला म्हणाला आणि दुसरा दगड शोधायला लागला.

मग जे झालं ते आठवलं की ह्या वयातही माझ्या अंगात वारं शिरतं. थवा उठला. मैत्रिणीने पुढ्यातून दगड काढून त्याला मधोमध फाडलं, एक भाग मिठागराकडे गेला, एक आमच्या अंगावर आला. मी पारव्याकडे पाहिलंच नाही. तो जिथे जाणार तिथे पाहिलं आणि गोंडा सोडला. सगळ्यांत पुढचा, रुंद छातीचा पारवा हवेतच उलटला आणि फौजदाराच्या पायाशी येऊन पडला. सगळ्या बांधांवरून ओरडा झाला. हवालदारही ओरडला. थव्याने टेकडीला एक वळसा घातला, शीवच्या दिशेने लहान लहान होत गेला, आणि त्या दिवशी परत आला नाही.

मैत्रीण माझ्याकडे डोळे वटारून बघत होती. "पाडलासच शेवटी."

"एकच," मी म्हटलं. "बाकीचे तुझे."

फौजदाराला आपण कोण ते हळूहळू आठवलं. त्याने टोपी सारखी केली, दगडांचे ढीग मोडायला लावले आणि दोघी-दोघींनी घरी जा म्हणून सांगितलं. गोफणींकडे बघून तो जरा अडखळला. "ह्या खरं तर जमा करायला हव्यात." मग मामंजींना धरून बांधावर बसवत म्हणाला, "पीक निघालं की चौकीवर आणून द्या, आजोबा."

आम्ही काही नेऊन दिल्या नाहीत. त्यानेही मागायला कुणाला पाठवलं नाही.

संध्याकाळी यजमान घसा बसवून परत आले. त्यांच्या मोर्चावर लाठ्या पडल्या होत्या, दंडावर वळ होता. मी हळद लावता लावता त्यांना आमच्याकडचं सगळं सांगितलं. आधी विश्वास ठेवेनात. मग हसायला लागले आणि हसता हसता वडिलांच्या पायाशी जाऊन बसले. दुसऱ्या दिवसापासून पीक निघेपर्यंत ते माझ्याबरोबर खाचरावर आले, आणि गोफण त्यांना अजिबात जमली नाही, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते.

शेंगा काढल्या, वाळवल्या, झोडल्या. मालकाचा वाटा दिला. उरलेले मामंजींनी पायलीने मापले. पायली शिगोशीग भरली आणि वर उरले. त्या वर्षी चाळीने आळसांद्याची उसळ खाल्ली आणि वरळीलाही डबा गेला.

शिमग्याला आम्ही भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी गेलो. मामंजींनी पिशवी वाटभर मांडीवरून खाली ठेवली नाही. घरी पोचल्यावर पाय धुतले आणि भावापुढे सुपात आळसांदे ओतले. थोरले मामंजी ओटीवर बसले होते. त्यांनी मूठभर उचलले, तळहातावर खेळवले, एक दाताखाली फोडला.

"खंयचे रे हे?"

"मुंबैचे."

"आनि पारव्यांनी ठेवले?"

"सुनेन राखले," मामंजी म्हणाले.

थोरल्या मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. नंतर बराच वेळ ते सुपातले दाणे बोटांनी पसरत राहिले. मी आतून डबा आणायला उठणार होते, उसळीला भिजत घालायचे म्हणून. तेवढ्यात ते माजघराकडे तोंड करून म्हणाले, "गो, बियाण्याचा मडका काड. आनि चुलीतली राख हाड."

मामंजींनी तोंड अंगणाकडे फिरवलं आणि खोकायला लागले. तो खोकला छातीचा नव्हता, हे मला कळलं. थोरल्या सासूबाई आतून निघाल्या होत्या, पण मी त्यांना थांबवलं. चुलीतली राख अजून कोमट होती. ती मी चाळली, थंड केली, आणि माझ्या हाताने नेऊन दोघा भावांच्या मधे ठेवली.